अजाण पाहिजे

माझ्या नोकरीला एकच पात्रता लागत होती. उमेदवाराला काही येता कामा नये.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. सांगलीला गणपती पेठेत हळदीच्या एका वखारीवर दोन खोल्या होत्या. चाळीसच्या दशकातली माझी बरीचशी वर्षं तिथं गेली. जिना चढून येणाऱ्याला आधी ठसका लागायचा आणि मग आमची पाटी दिसायची : ‘शास्त्रीय व यांत्रिक लेखन तपासून मिळेल.’ पुष्कळ लोक पाटीतलं ‘यांत्रिक’ आणि ‘तपासून मिळेल’ एवढंच वाचत. एकदा एक गृहस्थ शिवणयंत्र खांद्यावर घेऊन वर आले होते. त्यांना आम्ही पाणी दिलं, त्यांनी आम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि ते यंत्र घेऊन खाली गेले.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘आपल्या कार्याविषयी’ लिहायला सांगितलं आहे. कार्य वगैरे काही नव्हतं. धंदा होता, आणि तोही असा की दहा माणसांना सांगावं तर नऊजण विचारत, ‘पण तुम्ही नक्की करता काय?’ तेव्हा तेवढं आधी सांगून टाकते.

एखाद्या माणसाला एखादी गोष्ट उत्तम येते. कुणाला विहिरीवरचे पंप, कुणाला साबण, कुणाला गुरांचे रोग. त्याला वाटतं, आपण यावर पुस्तक लिहावं. तो लिहितो, आणि ते त्याच्याखेरीज कुणालाही कळत नाही. कारण त्याला जे येतं ते तो कधीच विसरून गेलेला असतो. ते हातात गेलेलं असतं आणि तोंडात उरलेलं नसतं. असं बाड घेऊन तो आमच्याकडे यायचा. आम्ही ते समजेल असं करून द्यायचो. पुस्तकावर नाव त्याचं, चुका राहिल्या तर त्याही त्याच्याच नावावर, आणि आमचं नाव कुठेच नाही.

धंदा नाना खऱ्यांचा. नाना कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्रयोग करवून घेत असत. वरिष्ठांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकातले प्रयोग त्या पुस्तकाप्रमाणे केले तर होत नाहीत, असं त्यांनी भर सभेत सांगितलं आणि त्यानंतर ते घरी बसले. दुसऱ्या कुसुमताई. पुण्याहून रसायन घेऊन बी.एस्सी. झालेल्या, मिरजेला मावशीकडे राहायच्या, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी हातांकडे बघायच्या. याखेरीज मिरजेचे एक डॉक्टर, साताऱ्याचे एक ओव्हरसियर, इस्लामपूरचे एक मास्तर अशी मंडळी आपापल्या गावी बसून टपालानं आलेली पानं तपासून परत पाठवत. पगार कुणालाच नव्हता. जेवढी पानं, तेवढे पैसे.

आणि मी. माझं पद ‘अजाण’ होतं.

त्या दिवसांत मी सासर सोडून भावाकडे आले होते. टाकलेली नव्हे, मीच सोडून आले होते. यातला फरक भावाला कळे, वहिनीला कळत नसे आणि गल्लीला कळून घ्यायचा नसे. सासरी जे चाललं होतं ते सगळ्या घराला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं मी वागावं एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती. ते मला जमलं नाही. याहून जास्त लिहिण्याचं कारण नाही.

एके दिवशी भाऊ जेवताना म्हणाला, “वाचनालयात कुणी खऱ्यांनी चिठ्ठी लावलीय. मराठी नीट वाचता येणारी, पण यंत्रं, रसायनं, शेती यातलं काहीएक न कळणारी व्यक्ती पाहिजे. इंदू, ही तर तुझ्यासाठीच काढलीय बघ.” सगळे हसले. वहिनीला तर भाकरी थापायचं थांबवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी लुगडं बदललं आणि हळदीच्या वखारीचा जिना चढले.

मुलाखत अशी झाली. नानांनी विचारलं, “प्रायमस पेटवता येतो?”

“येतो,” मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला.

“सायकलचं पंक्चर?”

“नाही.”

“फोटोचा कॅमेरा? पंप? विजेची घंटा?”

“नाही, नाही आणि नाही.”

“सूक्ष्मदर्शक?”

“म्हणजे काय?”

नानांचा चेहरा उजळला. ते कुसुमताईंकडे वळून म्हणाले, “फार चांगल्या आहेत.” माझ्या आयुष्यात माझ्या न येण्याचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

काम करायची आमची रीत ठरलेली होती. लेखकासमोर नाना पान मोठ्यानं, सावकाश वाचायचे. मी फक्त ऐकायचं आणि ऐकलं तेवढंच हातानं करायचं. मनाचं काही घालायचं नाही. कुसुमताई, किंवा त्या विषयातला जो कुणी जाणता असेल तो, माझ्या शेजारी उभा. त्यानं तोंड उघडायचं नाही; मला इजा होईल असं दिसलं तरच मनगट धरायचं. जिथं माझा हात थांबेल तिथं नाना पानावर तांबड्या पेन्सिलीनं आडवी रेघ मारायचे. बस. लेखकाची कितीही चुळबूळ झाली तरी रेघ पुसायची नाही.

“नेहमीप्रमाणे वात कातरून घ्यावी,” असं एकानं लिहिलं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले.

“अहो बाई, नेहमीप्रमाणे!” लेखक कळवळून म्हणाले.

“त्यांची ही पहिलीच वेळ आहे,” नाना म्हणाले आणि रेघ मारली.

लोकांना वाटायचं, हे सोपं आहे. तसं ते नव्हतं. न कळल्याचं सोंग करणं निराळं आणि खरोखर न कळणं निराळं. सोंग करणारा नेमका लेखकाला बरं वाटेल तिथं थांबतो. म्हणून नाना मला जपत. कपाटातल्या पुस्तकांना हात लावायचा नाही. काम संपलं की त्या विषयावर प्रश्न विचारायचा नाही. “शिकलीस की गेलीस,” असं ते हसून म्हणत, पण ते खरंच होतं. मी शिकले की त्यांच्या उपयोगाची राहणार नव्हते, आणि मग पुन्हा वहिनीच्या स्वयंपाकघरात. घरी आता माझं पान वाढून ठेवलेलं असायचं, माझ्या येण्याची वेळ विचारली जायची. ते मला हवं होतं. पण त्या कपाटाकडे पाठ करून बसताना मला राग यायचा, हेही लिहून ठेवते. कुणावर ते मात्र ठरवता येत नसे.

आता एकदोन गिऱ्हाइकं.

साताऱ्याचे एक वकील होते. युद्धानं साबण महाग केला तेव्हा त्यांनी घरच्या घरी साबण करण्यावर पुस्तिका लिहिली. अंगात कोट, पायात पंप शू आणि भाषा अशी की साबणाला शिक्षा ठोठावताहेत असं वाटावं. कॉस्टिक सोड्याचे प्रयोग वखारीवर नकोत म्हणून मी आणि कुसुमताई साताऱ्याला त्यांच्या परसात गेलो. ‘तदनंतर सोड्यावर हळूहळू पाणी ओतावे,’ वकिलांनी वाचलं. मी तांब्या उचलला. कुसुमताईंनी माझं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या.

“उलट,” त्या म्हणाल्या. “पाण्यात सोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर उकळून अंगावर येतो.”

“मी ‘हळूहळू’ म्हटलेलं आहे!” वकील म्हणाले. “शब्दाला काही अर्थ असतो की नाही?”

“सोड्याला तुमचा शब्द ऐकू येत नाही, वकीलसाहेब.”

वकील इरेला पेटले. मीच करून दाखवतो म्हणाले. कुसुमताईंनी मला ओढून तुळशीपाशी नेलं. वकिलांनी अगदी हळूहळू पाणी ओतलं. सुदैवानं डोळे वाचले, पण धोतराला जागोजाग भोकं पडली आणि पंप शूचा रंग गेला. जेवायला बसल्यावर ते म्हणाले, “ती ओळ बदला.” मग भात कालवता कालवता, “आणि ‘हळूहळू’ राहू द्या. चांगला शब्द आहे.” आम्ही तो राहू दिला. योग्य जागी.

पण ज्या कामासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते बाजीराव हवालदारांचं.

लढाई संपून वर्ष झालं असेल. तासगावच्या पलीकडल्या एका वस्तीवरचे हवालदार पलटणीच्या वर्कशॉपमधून घरी परत आले होते. शिलकीतून त्यांनी विहिरीवर जुनं ऑइल इंजिन बसवलं होतं आणि त्यावर पुस्तक लिहिलं होतं. पाठ ताठ, मिशा बारीक कातरलेल्या, आणि बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत.

“आमच्या वस्तीवरची निम्मी गडीमानसं पलटनीत, न्हाईतर मुंबैला,” ते म्हणाले. “इंजान बंद पडलं की बाया तासगावच्या मिस्त्रीची वाट बगत बसत्यात. तवर पीक वाळतंय. मलाबी म्हाबळेश्वरला हाटेलात ड्रायवरची जागा गावलीया. दिवाळी झाली की जायाचं. मागं इंजान हौसाच्या गळ्यात. हौसा म्हंजी आमच्या घरची.”

मी मधेच बोलले. बोलायचं नव्हतं, पण बोलले. “मग पुस्तक कशाला? तुम्हीच शिकवा की त्यांना.”

हवालदार जरा ओशाळले. “लय डाव बगितलं शिकवून. पर म्या दावाया लागलो की माझाच हात फुडं जातो. ती नुसती बगत ऱ्हाती. म्हनून म्हटलं, कागदाला हात नसत्यात. कागदच शिकवंल. तिला वाचाया येत न्हाई, पर ऐकाया येतंय की. भावजय वाचून दावंल.”

नानांनी चष्मा काढून पुसला. “कागदाला हात नसतात,” ते स्वतःशी म्हणाले, आणि आधीची दोन बाडं बाजूला सारून हे काम पुढे घेतलं.

मग कितीतरी दुपारी हवालदार वर येऊन बसायचे. नाना विचारायचे, हे सांगायचे. सांगताना त्यांचे हात हवेत इंजिन चालवायचे. इकडे तेल, इकडे पाणी, ही दाब सोडायची दांडी वर, आता हँडल, गरागरा, आणि दांडी खाली. मी कोपऱ्यात पाठ करून पानं लावत बसलेली असे. बघायचं नाही असा नियम होता. पण खोली लहान, माणूस मोठा, आणि समोरच्या कपाटाला काचा होत्या.

हवालदारांनी मूळ लिहिलं होतं, ‘मंग हँडल मारावं.’ हे आम्हाला पुरेना. मारावं म्हणजे काय? धरायचं कसं? कुसुमताई म्हणाल्या, हँडल सुटून पायावर पडलं तर? तेव्हा आम्ही लिहिलं, ‘हँडल घट्ट धरून जोरात फिरवावे.’ हवालदारांनी ऐकलं आणि मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं त्यात काही चुकीचं नव्हतं.

एका इंजिनविक्याच्या आवारात माझी परीक्षा झाली. नानांनी वाचलं, मी केलं. तेल घातलं, पाणी घातलं, दांडी वर केली, हँडल धरलं, पदर खोचून फिरवलं, दांडी सोडली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. एवढं मोठं लोखंड माझ्या हातानं हललं, याचा मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले.

“लय झ्याक!” हवालदार ओरडले. “एकदम फिट!”

नाना मात्र हसले नाहीत. ते हातातलं पान उलटसुलट करून बघत होते. “इंदू, या पानावर तू एकदाही थांबली नाहीस.”

“वाक्यं चांगली असतील.”

“आपली?” ते म्हणाले. “इतकी?”

त्या काळात छपाईला कागद परवान्यानं मिळायचा. एकदा छापलं की ते छापलं. दुसऱ्या आवृत्तीची आशा नसायची. त्यामुळे नानांनी ठरवलं की शेवटचं वाचन खुद्द हौसाबाईंसमोर व्हावं. ते स्वतः दम्यानं आडवे होते. वखारीतल्या हळदीनं त्यांना तो दिला होता. म्हणून मी आणि कुसुमताईच निघालो. तासगावपर्यंत कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार. चढ आला की माणसं उतरून ढकलायची, उतार आला की धावत जाऊन चढायची. पुढे बैलगाडी.

हौसाबाई बारीक चणीच्या, काळ्यासावळ्या, आणि नवऱ्याच्या बरोबर उलट. एक क्षण स्वस्थ नाहीत. आम्हाला गूळ-पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आवं, तुमी सांगलीच्या बाया. तुमी मला इंजान शिकवनार व्हय?”

“आम्ही नाही, कागद शिकवणार,” मी म्हटलं.

“बगू तरी कागदाची अक्कल.”

त्या दिवशी वाचणारी मी होते. अजाण हौसाबाई. शेजारी कुसुमताई. त्यांना रसायन येत होतं, इंजिन येत नव्हतं. इंजिन जाणणारा एकच, हवालदार, आणि त्यांना आम्हीच बजावलं होतं की तुम्ही पाण्याच्या पाटापाशी पाठ करून उभे राहा, नाहीतर तुमचा हात पुढे येईल. ते बिचारे ज्वारीकडे तोंड करून सावधान उभे होते.

मी वाचत गेले. हौसाबाई करत गेल्या. दोन ठिकाणी त्या थांबल्या, मी रेघा मारल्या. मग आलं : ‘दाब सोडण्याची दांडी वर करावी. हँडल घट्ट धरून जोरात फिरवावे.’ त्यांनी डावा हात दांडीवर ठेवला. उजव्या हातानं हँडल धरलं. घट्ट. कागदानं सांगितलं होतं तसं, पूर्ण मूठ आवळून, अंगठा पलीकडून वळवून बोटांवर दाबून. खुरपं किंवा विळा धरतात तसं. दांडी वर झाली आणि चाक हलू लागलं.

“सोडा ते!” मी ओरडले.

वाचणाऱ्यानं ओरडायचं नसतं. त्याआधी मी कधीच ओरडले नव्हते. हौसाबाईंनी दचकून हात काढला. “आवं, का वरडतायसा?”

“अंगठा.”

“अंगट्याला काय झालं?”

ते मला सांगता येईना. काय झालं ते मला खरंच ठाऊक नव्हतं. मी नुसता माझा हात पुढे केला आणि हवेत हँडल धरून दाखवलं. चारी बोटं एका बाजूनं आणि अंगठाही त्यांच्याच शेजारी, मोकळा. माझा मलाच तो हात परका वाटला. हे मला कुणी शिकवलं?

हवालदार धावत आले. बायकोच्या हाताकडे त्यांनी बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि पाटाच्या कडेवर मटकन बसले. बसा म्हटल्याशिवाय बसलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

“उलटा झटका देतंय की वो ते,” ते म्हणाले. “दांडी जरा लवकर पडली की उलटं मारतंय. मूठ मिटल्याली असली तर अंगठा जातोय, न्हाईतर मनगाट. आमच्या वर्कशापात एकाचं मोडल्यालं बगितलंय म्या.”

“मग हे लिहिलं का नाही?” कुसुमताई चिडून म्हणाल्या.

“आवं, ही काय लिवायची गोष्ट हाय व्हय? हँडल म्हंजी... असंच धरत्यात.” आणि त्यांनी हात पुढे केला. अंगठा बोटांच्या शेजारी, मोकळा. कपाटाच्या काचेत कितीतरी दुपारी मी पाहिलेला.

म्हणजे त्यांचा हात विसरला होता, कुसुमताईंना माहीत नव्हतं, आणि माझा हात न सांगता शिकून बसला होता. तिघांच्या मधून ती गोष्ट निसटली होती. वर ‘घट्ट’ हा शब्द आम्ही घातला होता. हवालदारांचं ‘मारावं’ कळत नव्हतं खरं, पण त्यानं कुणाची मूठ आवळली नसती.

हौसाबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “झालं न्हवं बोलून? आता बगा.” अंगठा मोकळा ठेवून त्यांनी पुन्हा हँडल धरलं. फिरवलं. दांडी जरा लवकर सोडली. इंजिननं उलटा हिसका दिला, हँडल बोटांतून उडून दगडावर खणकन पडलं आणि लोळत माझ्या पायाशी आलं. हौसाबाई हात झटकत उभ्या होत्या. बोटं लाल झाली होती, पण सगळी जाग्यावर होती.

हवालदारांनी बायकोचा हात आपल्या हातात घेतला आणि तो उलटापालटा करून बघितला, चारचौघांत, उघड्यावर. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. हौसाबाईंनी लाजून हात ओढून घेतला, हँडल उचललं आणि दुसऱ्या वेळी इंजिन सुरू केलं. पाटातून पाणी आलं. त्यांनी ते आधी आमच्या पायांवर घातलं.

परतीच्या मोटारीत कुसुमताई माझ्या हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “नानांना काय सांगणार आहेस?”

“जे झालं ते.”

“तुझा हात शिकलाय हे कळलं तर ते दुसरी अजाण बघतील, इंदू. हौसाबाई तिथं थांबल्या एवढंच सांग. रेघ मारलीस, ओळ बदलली, झालं. पुढच्या वेळी जरा कळत नसल्यासारखं कर. कुणाला समजणार आहे?”

त्या माझ्या भल्यासाठी सांगत होत्या. पण ‘ठाऊक असून ठाऊक नसल्यासारखं कर’ हे वाक्य मी आधी एका घरात ऐकलं होतं, आणि ते घर सोडून आले होते. आता हळदीच्या वखारीत पुन्हा तेच करू? “मला येतं ते मला येतं,” मी म्हटलं. “नसेल ठेवायचं तर नका ठेवू.” शेजारचा प्रवासी आमच्याकडे बघायला लागला. तेवढ्यात चढ आला आणि आम्ही सगळे मोटार ढकलायला उतरलो.

दुसऱ्या दिवशी नाना उशीला टेकून बसले होते. मी सगळं सांगितलं, काचेसकट. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, हिशेब करून घरी पाठवतात.

“म्हणजे नवी अजाण बघायला हवी,” ते म्हणाले.

“हो.”

“ती मिळेल. त्यांचा तुटवडा नाही.” मग त्यांनी उशाशी ठेवलेली तांबडी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. “अंगठ्याची ओळ तू लिही. तुझ्याइतकी ती कुणालाच ठाऊक नाही. मला नि कुसुमताईंना ती कधी माहीतच नव्हती, आणि हवालदार ती विसरलेत.”

मी ती ओळ दिवसभर लिहीत होते. सासर सोडताना मला इतका विचार करावा लागला नव्हता. शेवटी उतरलं ते असं : ‘हँडल चार बोटांनी धरावे. अंगठा पलीकडून वळवू नये. बोटांच्या शेजारी मोकळा ठेवावा. इंजिन उलटा झटका देते. मूठ मिटलेली असेल तर हात मोडतो.’ नानांना शेवटची दोन वाक्यं नको होती. पुस्तकात भीती घालू नये म्हणाले. मी म्हटलं, कारण ठाऊक नसलं तर माणूस चार दिवसांनी पुन्हा मूठ मिटतो. आम्ही भांडलो. वाक्यं राहिली. कपाटाची किल्ली त्यानंतर माझ्याकडेच असायची.

हवालदारांचं पुस्तक निघालं. वर हवालदारांचं नाव होतं, तेच योग्य होतं. ते महाबळेश्वरला गेले. हौसाबाईंचं इंजिन चालत राहिलं असं अधूनमधून कानावर यायचं. मग नाना गेले, कुसुमताई लग्न होऊन दूर गेल्या, वखार विकली गेली. मी पुढे बरीच वर्षं एकटीनं पानं तपासत होते. किती पुस्तकांतल्या किती ओळी माझ्या आहेत हे मलाही आता सांगता येणार नाही. कधी कधी वाईट वाटतं. एका तरी पानावर नाव असतं तर भावाच्या नातवंडांना दाखवलं असतं. पण तो आमच्या कामाचा स्वभावच होता, आणि मी तो जाणून पत्करला होता.

त्यानंतर खूप वर्षांनी मी आटपाडीला एका लग्नाला निघाले होते. वाटेत एसटी बंद पडली. उन्हाचं कुठं टेकावं म्हणून रस्त्याकडेच्या मळ्यातल्या लिंबाखाली गेले. तिथं विहीर होती, विहिरीवर तसंच जुनं इंजिन, आणि एक तरुण बाई ते सुरू करायच्या बेतात. शेरडं बाजूला दाव्यानं बांधलेली. तिनं दांडी वर केली. मी तिचा हात बघितला. चार बोटं, आणि अंगठा त्यांच्या शेजारी, मोकळा.

इंजिन सुरू झालं. पाणी आलं. मी जवळ गेले. “बाई, हँडल असं धरायला तुला कुणी शिकवलं?”

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. “शिकवायचं काय त्यात? असंच धरत्यात.”

“पुस्तकात वाचलंस?”

“पुस्तकात कशापाई असंल हे?” ती हसली. माझं चष्मा लावलेलं तोंड, पांढरे केस, हातातली पिशवी तिनं बघून घेतली. तिला माझी जरा दयाच आली असावी. “तुमाला इंजान ठावं न्हाई वाटतं, आजी?”

मी तिला सगळं सांगू शकले असते. नाना, कुसुमताई, हवालदार, ती काच, ती ओळ. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

“नाही गं,” मी म्हटलं. “दाखव की.”

आयुष्यात तेवढं एकदाच मी खोटी अजाण झाले. तिनं पदराला हात पुसले, माझा उजवा हात धरला, त्यात हँडल दिलं आणि माझा अंगठा उचलून बोटांच्या शेजारी ठेवला.